कोणती पेशी जगवायची, कोणती मरू द्यायची

मधुमेहाच्या नव्या औषधांबद्दल सध्या तीन वाक्यं फिरताहेत. ही औषधं स्वादुपिंडातल्या मरणाऱ्या पेशी वाचवतात, हे पहिलं. ती कर्करोगाच्या पेशी मारतात, हे दुसरं. आणि तिसरं, तितक्याच ठामपणे सांगितलं जाणारं, की ती कर्करोग करतात. तिन्ही वाक्यांच्या मागे कुठला ना कुठला प्रयोग आहे, त्यामुळे कुठलंच निव्वळ बाष्कळ म्हणून सोडून देता येत नाही. पण तिन्ही एकत्र ठेवली की प्रश्न उभा राहतो. पोटात गेलेल्या गोळीला ही पेशी वाचवायची आणि ती मारायची, हे कळतं कसं?

तिला ते कळत नाही. या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका उत्तरातून निघतं. नवी औषधं पेशींना जीवदान देत नाहीत आणि देहदंडही देत नाहीत. पेशी ज्या परिस्थितीत जगायचं की मरायचं ते ठरवते, ती परिस्थिती ती बदलतात. म्हणून ‘पेशी वाचतात’ किंवा ‘पेशी मरतात’ असं कुणी सांगितलं की विचारायचं: कोणती पेशी, किती मात्रेत, आणि कुणाच्या शरीरात? यातला शेवटचा प्रश्न पूर्व विदर्भातल्या तिरोड्यात बसून विचारला तर त्याची उत्तरं लंडन-न्यूयॉर्कपेक्षा वेगळी निघतात, आणि ती अजून नीट शोधलीच गेलेली नाहीत.

तिरोडा म्हटलं की राज्याला ३३०० मेगावॉटचं वीजकेंद्र आठवतं. पण हा तालुका मुळात धानाचा आणि तलावांचा. बोदलकसा, चोरखमारा ही तलावांची नावं, मागे वैनगंगा, आणि ताटात दोन्ही वेळा भात. शुगर इथे आता कुणाला नवलाची राहिलेली नाही. नवी औषधंही नवलाची राहिलेली नाहीत, कारण पेटंटं संपली. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट भारतात २०१९ च्या अखेरीस संपलं, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपास असलेली एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी त्यानंतर दहा-पंधरा रुपयांत, काही कंपन्यांची त्याहूनही स्वस्त, मिळू लागली. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदतही मार्च २०२६ पर्यंतचीच. म्हणजे या औषधांची चर्चा आता मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांपुरती उरलेली नाही. उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभा असलेला शेतकरीही विचारतो, ‘ते नवीन इंजेक्शन आमाले चालते का जी?’ त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी पेशी मरते म्हणजे काय होतं, हे पाहावं लागेल.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जखमेत किंवा भाजल्यावर पेशी फुटतात, सूज येते, दुखतं. ते अपघाती मरण. पण बहुतेक पेशी शिस्तीत मरतात. स्वतःचा गाभा तोडतात, आक्रसतात, छोट्या पुटक्यांत वाटल्या जातात आणि शेजारच्या पेशी त्यांना गिळून टाकतात. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलिस्टेअर करी या तिघांनी १९७२ मध्ये या शिस्तबद्ध मरणाला अपॉप्टोसिस असं नाव दिलं. पुढे एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दिसलं की त्याच्या वाढीत तयार होणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक वेळी त्याच. मरणाची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते हे त्यावरून सिद्ध झालं आणि सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ, जॉन सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. गर्भातल्या बाळाची बोटं सुटी होतात तीही मधल्या पेशी वेळेवर मरतात म्हणून.

मधुमेह आणि कर्करोग या दोघांत ही शिस्त मोडते, पण उलट्या बाजूंनी. मधुमेहात इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी, ज्या टिकायला हव्यात, त्या मरतात. कर्करोगात ज्या पेशींनी मरायला हवं त्या मरायचं नाकारतात. आता एकच औषध दोन्ही आजारांत ‘चांगलं’ काम करतं असं म्हणायचं असेल, तर त्याने एका ठिकाणी मरण थांबवायला हवं आणि दुसऱ्या ठिकाणी घडवायला हवं. हे अशक्य नाही, पण त्यासाठी पुरावाही तसाच भक्कम हवा.

बीटा पेशी खरंच मरतात का, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर २००३ मध्ये अमेरिकेतून आलं. पीटर बटलर आणि सहकाऱ्यांनी १२४ शवविच्छेदनांतली स्वादुपिंडं तपासली. लठ्ठ मधुमेहींमध्ये बीटा पेशींचं आकारमान तितक्याच लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होतं. सडपातळ मधुमेहींमध्ये ४१ टक्क्यांनी. नव्या पेशी जन्मण्याचा वेग फारसा घटलेला नव्हता, मरण्याचा वाढलेला होता. लठ्ठ मधुमेहींत तो सुमारे तिप्पट, आणि सडपातळ मधुमेहींत जवळजवळ दसपट. हा दसपटीचा आकडा आपल्याकडे फारसा कुणी उच्चारत नाही, आणि आपल्यासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. त्याकडे मी पुढे येतो.

नव्या औषधांची आशा या शोधावर उभी राहिली. जीएलपी-१ हे आतड्यातून जेवणानंतर स्रवणारं संप्रेरक. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखाच पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला, आणि त्यातून २००५ मध्ये एक्झेनाटाइड बाजारात आलं. मागोमाग लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, आणि दोन संप्रेरकांची नक्कल एकत्र करणारं टिर्झेपाटाइड, जे भारतात २०२५ मध्ये आलं. ग्लिप्टिन गोळ्या हेच संप्रेरक शरीरात मोडू देत नाहीत. उंदरांमध्ये आणि परीक्षानळीत या औषधांनी बीटा पेशींतली जगण्याची साखळी जागी केली, मरण रोखणारी प्रथिनं वाढवली. कोवळ्या उंदरांत तर बीटा पेशी संख्येनेही वाढल्या. इमेग्लिमिन, ज्याला २०२१ मध्ये जपानने प्रथम मान्यता दिली आणि जे आता भारतातही मिळतं, ते पेशीच्या ऊर्जाकेंद्रात मरणाचं दार उघडू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसतं. ग्लिफ्लोझिन वेगळ्या वाटेने जातं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या पदार्थाची ही सुधारलेली वंशज औषधं दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चढलेली साखर हीच बीटा पेशीला विष असते. ती उतरली की पेशीवरचा ताण उतरतो.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पण उंदराच्या स्वादुपिंडात जे दिसतं ते माणसात टिकतं का, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे: औषध थांबवा आणि पाहा. अमेरिकेतल्या ‘राइज’ नावाच्या अभ्यासात तेच केलं गेलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आणि नुकता मधुमेह झालेल्या प्रौढांना वर्षभर औषधं दिली, एका गटाला लिराग्लुटाइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. त्या वर्षात बीटा पेशींचं काम सगळ्यांत जास्त सुधारलं ते याच गटात. औषध थांबवल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तो फायदा उरलेला नव्हता. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा निकाल मला या सगळ्या चर्चेतला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. मेलेल्या पेशी जिवंत झाल्या असत्या, किंवा मरण कायमचं थांबलं असतं, तर सुधारणेचा काही अंश तरी मागे राहायला हवा होता.

मग सुधारलं काय? इथे दुसरा एक शोध मदतीला येतो. मधुमेहात हरवलेल्या सगळ्याच बीटा पेशी मेलेल्या नसतात. काही आपलं काम विसरून, इन्शुलिन न बनवणाऱ्या कच्च्या अवस्थेत गेलेल्या असतात. कोलंबिया विद्यापीठातल्या डोमेनिको अच्चिली यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत हे दाखवलं. आणि २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीने माणसांत त्याचा व्यावहारिक पुरावा दिला. तिथे कुठलंही नवं औषध नव्हतं. काही महिने अगदी कमी उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरवलं, आणि वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटला. मेलेली पेशी आहार बदलून परत येत नाही, थकलेली येते. म्हणून नवी औषधं बीटा पेशींना वाचवतात या वाक्याऐवजी मी म्हणेन की ती त्यांना विसावा देतात. विसावा ही लहान गोष्ट नाही. पण तो पेशींची पुरेशी शिल्लक असलेल्या माणसालाच फळतो.

आणि इथे आपल्या शरीराचा प्रश्न येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली तीन दशकं आणि अधिक काळ हाच प्रश्न विचारत आले आहेत. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास निघालं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं सगळ्या मापांत लहान होती, स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत तर फारच, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी राखलेली होती. बारीक दिसणारं पण आतून चरबी बाळगणारं हे शरीर आईच्या पोटातच घडतं. बीटा पेशींची पुंजी तिथेच तयार होत असल्याने ती कमी पडण्याची शक्यताही तिथूनच सुरू होते. याज्ञिकांचा सहभाग असलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण वयात मधुमेह झालेल्या भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक जण तीव्र इन्शुलिन-तुटवड्याच्या गटात मोडले. युरोपात या गटाचं प्रमाण पुष्कळ कमी असतं. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये वर्गीकरणात जागा दिली होती, १९९९ मध्ये ती काढून घेतली. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने बँकॉकच्या अधिवेशनात त्याला पाचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून पुन्हा ओळख दिली.

आता बटलर यांचा दसपटीचा आकडा याच्या शेजारी ठेवा. सडपातळ मधुमेहीत पेशी मरण्याचा वेग सगळ्यात जास्त, आणि आपल्याकडच्या सडपातळ माणसाची पुंजी मुळातच कमी. धानाच्या पट्ट्यातला, राबून वाळलेला, पंचेचाळीस-पन्नास किलोचा मधुमेही हा जगातल्या मोठ्या चाचण्यांतला माणूस नाही. त्या चाचण्यांतला माणूस बहुतेक वेळा नव्वद-शंभर किलोचा असतो. जीएलपी-१ इंजेक्शन भूक मारतं, वजन उतरवतं. शंभर किलोच्या माणसाला ते वरदान. पंचेचाळीस किलोच्या माणसाला भूक मारणं म्हणजे उरलेसुरले स्नायू गमावणं. त्याला पुष्कळदा इन्शुलिनच हवं असतं, लवकर आणि न घाबरता. नवं औषध महाग असो की स्वस्त, नवं आहे म्हणून त्याच्या पेशी वाचवेल, हा समज त्याच्यापुरता धोक्याचा आहे.

कर्करोगाकडे वळू. इन्शुलिनची ओळख आपल्याला साखर उतरवणारं संप्रेरक म्हणून असते, पण पेशीच्या दृष्टीने तो जगण्याचा आणि वाढण्याचा निरोप आहे. इन्शुलिन पेशीच्या दारावर आलं की आत एक साखळी सुरू होते आणि तिच्यातलं एक प्रथिन मरणाच्या यंत्रणेला कुलूप घालतं. बांधीत टाकलेला युरिया धान आणि तण यांत फरक करत नाही; इन्शुलिनचंही तसंच. लठ्ठपणात आणि टाइप-२ मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात रक्तात इन्शुलिन चढलेलं असतं, आणि स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड यांच्या कर्करोगांचा धोका अशा लोकांत जास्त दिसतो, तो काही अंशी याच कारणाने.

या धाग्याचा सगळ्यात सुंदर प्रयोग २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. कर्करोगाच्या पेशीतली तीच जगण्याची साखळी तोडणारी औषधं तयार झाली होती, पण ती दिली की रक्तातली साखर चढायची, साखर चढली की इन्शुलिन उसळायचं, आणि ते इन्शुलिन तोडलेली साखळी पुन्हा जोडायचं. लुईस कँटली, बेंजामिन हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत सिद्धार्थ मुखर्जीही होते, उंदरांना त्या औषधासोबत ग्लिफ्लोझिन दिलं किंवा कर्बोदकं जवळजवळ बंद केली. साखर चढली नाही, इन्शुलिन उसळलं नाही, आणि कर्करोगाचं औषध लागू पडलं. इथे मधुमेहाच्या औषधाने एकाही कर्कपेशीला हात लावला नाही. तिच्यापर्यंत पोचणारा जगण्याचा निरोप त्याने अडवला, एवढंच. परिस्थिती बदलणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. ते उंदरांतलं आहे, हे मात्र त्याच वाक्यात म्हणायला हवं.

उंदरातून माणसात उडी मारताना किती जण पडले आहेत, याचा अनुभव भारताला स्वतःचा आहे. पायोग्लिटाझोन हे आपल्याकडचं स्वस्त आणि फार वापरलं जाणारं औषध. ते ज्या कळीवर बोट ठेवतं ती कळ दाबली की परीक्षानळीत अनेक प्रकारच्या कर्कपेशी मरतात, मूत्राशयाच्या कर्कपेशीसुद्धा. त्यावर उत्साहाने शोधनिबंध लिहिले गेले. माणसांत मात्र दीर्घ वापरानंतर मूत्राशयाच्याच कर्करोगाचा धोका किंचित वाढल्याचे संकेत आले. फ्रान्सने २०११ मध्ये औषध थांबवलं. केंद्र सरकारने १८ जून २०१३ रोजी भारतात त्याची विक्री स्थगित केली. देशभरातल्या मधुमेहतज्ज्ञांनी हरकत घेतली: आपल्याकडची मात्रा कमी, गोळीची किंमत काही रुपये, आणि पर्याय गरिबाला परवडणारे नाहीत. ३१ जुलैला स्थगिती उठली आणि पाकिटावर ठळक इशारा छापण्याची अट आली. दीड महिन्यात औषध गेलं आणि परत आलं. त्या दीड महिन्यात ज्यांच्या गोळ्या बदलल्या गेल्या, त्यांना कारण कुणी नीट सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

याच्या बरोबर उलटी गोष्ट डापाग्लिफ्लोझिनची. सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्राशय आणि स्तनाच्या कर्करोगाच्या काही केसेस औषध घेणाऱ्यांत जास्त दिसल्या, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ च्या सुरुवातीला मान्यता नाकारली. ती मिळाली २०१४ मध्ये. मग १७,१६० लोकांची मोठी चाचणी झाली. मूत्राशयाचा कर्करोग औषधाच्या गटात २६ जणांना आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटात ४५ जणांना झाला. स्तनाच्या कर्करोगात फरकच नव्हता. भीती फिटली. पण म्हणून ‘डापाग्लिफ्लोझिन मूत्राशयाचा कर्करोग टाळतं’ असं म्हणायलाही कुणी धजावू नये, कारण चाचणी त्या प्रश्नासाठी आखलेलीच नव्हती. लहान आकड्यांनी भीती निर्माण केली, तसेच लहान आकडे आशाही निर्माण करू शकतात.

पीटर बटलर यांचं नाव इथे पुन्हा येतं, आणि ते येणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. ज्या माणसाने बीटा पेशी मरतात हे दाखवलं, त्याच्याच गटाने २०१३ मध्ये सांगितलं की ग्लिप्टिन किंवा जीएलपी-१ औषधं घेतलेल्या अवयवदात्यांची स्वादुपिंडं मोठी दिसली, पेशींची वाढ जास्त दिसली, आणि ही कर्करोगाची पूर्वचिन्हं असू शकतात. औषध घेतलेले दाते फक्त आठ होते. त्यावर जोरदार टीका झाली, आणि २०१४ मध्ये अमेरिकी व युरोपीय नियामकांनी मिळून सांगितलं की उपलब्ध माहिती कार्यकारण संबंधाला दुजोरा देत नाही. पण बटलर यांची शंका तर्काला धरून होती. जे औषध बीटा पेशीला मरू देत नाही म्हणून आपण कौतुक करतो, ते शेजारच्या नलिकेतल्या बिघडलेल्या पेशीलाही मरू देत नसेल तर? पेशीमरण रोखण्याची स्तुती करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

आज जीएलपी-१ औषधांबद्दल आलेली मोठी माहिती दिलासा देणारी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सोळा लाखांहून अधिक मधुमेहींच्या नोंदी तपासल्या गेल्या. लठ्ठपणाशी निगडित तेरा कर्करोगांपैकी दहांचा धोका ही औषधं घेणाऱ्यांत इन्शुलिन घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाला. वर्तमानपत्रांनी एवढंच छापलं. त्याच अभ्यासात तुलना मेटफॉर्मिनशी केली तेव्हा तो फायदा दिसला नाही, आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका उलट जास्त दिसला, हे फारसं छापलं गेलं नाही. कुणाशी तुलना केली यावर उत्तर बदलतं. इन्शुलिनवर असलेला माणूस बहुधा जास्त जुना, जास्त आजारी मधुमेही असतो.

मेटफॉर्मिन हे नवं नाही, पण त्याची कथा नव्यांना समजून घ्यायला लागते. २००५ मध्ये डंडीच्या नोंदींवरून कळलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कर्करोग कमी. लगेच जगभर प्रयोगशाळा कामाला लागल्या, कर्कपेशी मरताना दिसल्या. पण काचेच्या ताटलीत ओततात तेवढं मेटफॉर्मिन रुग्णाच्या रक्तात कधी नसतंच. ते शंभर-दोनशे पट, कधी त्याहूनही जास्त असतं. नोंदींवरच्या अभ्यासांतही एक फसवी चूक होती, जी २०१२ मध्ये माँट्रियलच्या सॅमी सुइसा आणि लॉरां अझुले यांनी उलगडून दाखवली: औषध सुरू होईपर्यंत कर्करोगाशिवाय जगलेला काळही औषधाच्या खात्यात जमा केला जात होता. शेवटी स्तनाच्या कर्करोगाच्या ३६४९ रुग्णांवर खरी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला: मेटफॉर्मिनने कर्करोग परतण्यात काही फरक पडला नाही. सतरा वर्षं लागली या एका उत्तराला. ज्या नव्या औषधांबद्दल आज ‘कर्कपेशी मारतात’ असं म्हटलं जातं, त्यांतली बहुतेक या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर आहेत.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो वजनदार आहे. इतकं संशयाने पाहायचं तर चांगली औषधंही गरिबापर्यंत पोचणार नाहीत. तिरोड्याच्या माणसाने आणखी किती वाट पाहायची? पण मी औषधं थांबवा म्हणत नाही. ग्लिफ्लोझिनने हृदयाचं आणि मूत्रपिंडाचं जे रक्षण होतं, ते माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेलं आहे. २०१५ च्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हृदयरोग असलेल्या मधुमेहींचे हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. हा फायदा खणखणीत आहे आणि दहा रुपयांत मिळत असेल तर तो गावोगावी जायलाच हवा. त्याला पेशीमरणाच्या कथेची जोड देण्याची गरज नाही. कथा जोडली की माणूस औषध चुकीच्या अपेक्षेने घेतो, आणि चुकीच्या वेळीही घेत राहतो.

ती चुकीची वेळ विदर्भात नेमकी कुठे येते, हे सांगतो. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ही पुडी शेतावर, रेल्वे स्टेशनवर, लग्नात, सगळीकडे असते, आणि तोंडाचा कर्करोग तिच्या मागे येतो. तोंडाच्या कर्करोगाचा मधुमेही रुग्ण गिळू शकत नाही. कधी जबडा उघडत नाही, कधी शस्त्रक्रियेमुळे, कधी किरणोपचारांनी तोंड सोलवटतं. अशा उपाशी माणसाने ग्लिफ्लोझिन चालू ठेवलं तर रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार होऊ शकतो, आणि त्यात साखर जवळजवळ सामान्य दिसते, त्यामुळे तो ओळखूही येत नाही. इन्शुलिनचा तुटवडा असलेल्या सडपातळ मधुमेहीत हा धोका आणखी जास्त. शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ही गोळी थांबवावी, असं नियामकांनीच सांगितलं आहे. ‘ही गोळी कॅन्सरलाही चांगली’ असं ऐकून ती न थांबवणारा रुग्ण ज्या दिवशी अत्यवस्थ होईल, त्या दिवशी परीक्षानळीतल्या प्रयोगाची किंमत त्याने मोजलेली असेल.

दुसरी वेळ निदानाची. उतारवयात एकाएकी मधुमेह आणि सोबत वजन घटणं, हा कधी कधी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो. भूक मारणारं इंजेक्शन चालू असेल तर घटलेलं वजन औषधाच्या नावावर जातं आणि महिने निघून जातात.

आणि तिसरी गोष्ट मोजमापाची, जी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी लाल पेशीच्या आयुष्यावर उभी आहे. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते असं धरून तिच्यावर चढलेली साखर मोजली जाते. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी दहा-वीस दिवसांतच मरते, त्यामुळे साखर चढलेली असूनही तपासणी ती कमी दाखवते. ज्यांच्यात सिकलसेलचं एकच जनुक आहे अशा वाहकांतही आकडा थोडा खाली दिसतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या २०१७ च्या अभ्यासात तो सुमारे ०.३ ने कमी होता. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे हे नागपूरहून १९५८ पासून नोंदलेलं आहे, आणि गोंदिया-गडचिरोलीच्या गावांना ते कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे औषधाने बीटा पेशी सुधारल्या की नाही हे ज्या आकड्यावरून ठरवायचं, तो आकडाच इथे दुसऱ्या एका पेशीच्या अकाली मरणाने चुकतो. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लोकांना सिकलसेलची कार्डं मिळत आहेत. ते कार्ड मधुमेहाच्या डॉक्टरांनीही मागायला हवं, आणि ज्याच्या कार्डावर दोष दिसेल त्याची उपाशीपोटी व जेवणानंतरची साखरच धरून औषध ठरवायला हवं.

म्हणून माझी मागणी मोठ्या संशोधन केंद्राची नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात कर्करोगाची नोंदणी आहे, राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, एम्स आहे. तिरोड्याचा रुग्ण रेल्वेने तिकडेच जातो. या सगळ्यांनी एकाच कागदावर काही गोष्टी लिहायच्या ठरवल्या तरी पुरे: रुग्णाला मधुमेह कधी झाला, तेव्हा वजन किती होतं, कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं आणि कोणत्या तारखेला थांबलं, सिकलसेलची स्थिती काय, खर्रा किती वर्षं. तारखा फार महत्त्वाच्या, कारण मेटफॉर्मिनच्या अभ्यासांची चूक तारखांतच झाली होती. औषध सुरू होण्याआधीचा काळ वेगळा आणि नंतरचा वेगळा ठेवला, तर काही वर्षांत पंचेचाळीस किलोच्या, भात खाणाऱ्या मधुमेहीत ही औषधं काय करतात, याचं उत्तर तिथल्याच नोंदींतून काढता येईल. तोवर उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेतल्या माणसाला डॉक्टरांनी सांगावं की हृदयासाठी आणि किडनीसाठी ग्लिफ्लोझिनची गोळी चांगली आहे, जेवण बंद पडलं तर त्याच दिवशी थांबवून दवाखान्यात यायचं, आणि कॅन्सरसाठी म्हणून ती घ्यायची नाही.